शिशाचं दार कोणाचं?

एक्स-रेच्या खोलीचं दार कधी हाताने ढकलून पाहावं. २ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा चौरस मीटरमागे साधारण २३ किलो भरतो. १.२ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दार धरलं, तर त्यात नुसतं शिसंच ५७ किलो जातं. लाकूड, चौकट, जाड बिजागऱ्या वेगळ्या. असं दार भाड्याच्या जागेत बसवलं की ते कोणाचं? ‘भाडेकरूने केलेलं कायमस्वरूपी काम मालकाचं होईल’ असं करारात लिहिलं असेल, तर मालकाचं. ‘जागा सोडताना ती मूळ स्थितीत परत करावी’ असं लिहिलं असेल, तर डॉक्टरचं, आणि ते उखडण्याची मजुरीही त्याचीच. गंमत म्हणजे बऱ्याच करारांत ही दोन्ही वाक्यं सुखाने शेजारी शेजारी नांदतात. चांगलं निघालं तर माझं, नको असेल तर तुझं.

दवाखान्याची जागा विकत घ्यावी की भाड्याने, या चर्चेत भाडं आणि हप्ता या दोन आकड्यांची कुस्ती लावली जाते. त्या दाराचा हिशेब दोन्हींत नसतो. भिंतीत, लादीखाली आणि फॉल्स सीलिंगच्या वर जे पैसे गाडले जातात, ते निघताना उचलून नेता येत नाहीत. निर्णयाची किल्ली मला तिथे दिसते.

खरं तर वजनं दोन असतात: एक भिंतीतलं, दुसरं पत्त्याचं. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरच्या भिंतीत फारसं काही नसतं. टेबल, तपासणीचा पलंग, हात धुण्याचं बेसिन, लसींचा छोटा फ्रीज. सगळं एका टेम्पोत मावेल. पण त्याचे पेशंट चालत येतात. तापलेलं मूल कडेवर घेऊन निघालेल्या आईच्या डोक्यात डॉक्टरचं नाव नसतं, कोपरा असतो. दवाखाना दीड किलोमीटर हलला की तिच्या वाटेत दुसरा डॉक्टर लागतो. रेडिऑलॉजिस्टचं याच्या अगदी उलट. त्याच्या भिंतीत टनावारी माल असतो, पण त्याचा पेशंट दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी हातात घेऊन पत्ता शोधत येतो. पत्ता बदलला तर चिठ्ठीवरची ओळ बदलते, इतकंच. मानसोपचारतज्ज्ञाकडे दोन्ही वजनं हलकी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणावं तसं. दोन खुर्च्या आणि आवाज बाहेर न जाणारी खोली मिळाली की झालं. दंतवैद्याकडे मात्र दोन्ही जड. पेशंट वर्षानुवर्षं त्याच पायऱ्या चढत आलेले असतात आणि प्रत्येक खुर्चीखाली पाणी, हवा, सक्शन, सांडपाणी आणि वीज अशा पाच वाटा जमिनीतून वर आलेल्या असतात.

या दोन वजनांचा अंदाज घेतला की अर्धा निर्णय आपोआप होतो. मानसोपचारतज्ज्ञाने, समुपदेशकाने, आहारतज्ज्ञाने पहिल्या वर्षांत जागा विकत घेण्याचा विचारही करू नये, असं मी बेधडक म्हणेन. जनरल प्रॅक्टिसवाल्याला मालकी लागत नाही. त्याला हवा असतो तिथेच राहण्याचा हक्क, आणि तो चांगल्या करारातूनही मिळतो. रेडिऑलॉजिस्टला निदान यंत्राच्या आयुष्याइतकी मुदत हवी. १० वर्षं चालेल असं यंत्र ५ वर्षांच्या करारावर बसवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दंतवैद्य आणि डोळ्यांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांनी विकत घेण्याकडे झुकावं, पण उद्घाटनाच्या दिवशीच नव्हे. प्रॅक्टिसला आकार आल्यावर.

आता कुस्ती लावायचीच असेल तर तिन्ही पैलवान आखाड्यात आणू. जागेची किंमत १०० धरू. पहिल्या वर्षाचं भाडं ४, दरवर्षी ५% वाढ. विकत घ्यायची तर २५ पदरचे आणि ७५ कर्ज, ९% व्याजाने १५ वर्षांसाठी. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत, रीत तीच राहते.

या कर्जाचा हप्ता वर्षाला साधारण ९.१ येतो. पहिल्या वर्षी त्यातले ६.६५ व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम २.५. पाच वर्षांत ४५.६ भरून होतात आणि कर्ज उरतं ६०. म्हणजे पाच वर्षांनी जागा सोडावी लागली, तर डॉक्टर जवळजवळ भाडेकरूच होता; फरक एवढाच की त्याचा मालक बँक होती. तेवढ्याच काळात भाडेकरूने २२ भरलेले असतात. १५ वर्षं काढली तर चित्र फिरतं. भाडं वर्षाला ८ च्या घरात पोचलेलं असतं, एकूण ८६ भरून झालेले असतात आणि हाती काही नसतं. मालक-डॉक्टरचा हप्ता संपलेला असतो. त्याने पदरचे २५ आणि हप्त्यांचे १३७ घातलेले असतात, शिवाय रंग, गळती, कर, लिफ्टची दुरुस्ती यांवर वर्षाला १ जरी धरला तरी आणखी १५. त्याच्याकडे जागा असते. तिची किंमत तेव्हा काय असेल यावर सगळा फायदा-तोटा लटकलेला असतो, आणि दवाखान्याच्या पेशंटांशी त्या किंमतीचा काही संबंध नसतो.

तिसरा पैलवान भिंतीतला. समजा पार्टिशन, नळ, वीज, लादी, शिसं असं सगळं मिळून १५ लागले. करार ५ वर्षांचा असेल, तर हे काम वर्षाला ३ पडतं. म्हणजे कागदावर भाडं ४, प्रत्यक्षात ७. करार ३ वर्षांचा असेल तर वर्षाला ५. भिंतींचं भाडं जागेच्या भाड्याहून जास्त. तोच करार ९ वर्षांचा, तर १.७ पेक्षाही कमी. भाड्यात अर्ध्या टक्क्याची घासाघीस करण्यात डॉक्टर आठवडे घालवतात आणि मुदतीच्या रकान्यात समोरच्याने लिहिलेला आकडा तसाच ठेवतात. खरं तर मुदत ही भाड्यापेक्षा मोठी रक्कम असते. स्वतःच्या जागेतही हे १५ विकताना पूर्ण वसूल होत नाहीत, पण तिथे ते कधी टाकून द्यायचे हे डॉक्टर ठरवतो.

व्याजदर बदलता असेल तर आणखी एक बेरीज करून ठेवावी. वरच्या कर्जाचा दर सुरुवातीलाच ९ चा ११ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर १५ वर्षांचं कर्ज २१ वर्षांच्या पुढे जातं. हप्ता बदललेला नसल्याने हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पन्नाशीत कर्ज घेणाऱ्या डॉक्टरने तरी हा हिशेब झोपण्यापूर्वी करू नये.

आणि ते पदरचे २५. नव्या प्रॅक्टिसला पैसा लागतो तो यंत्रांना, पगारांना, आणि पेशंट जमेपर्यंतच्या रिकाम्या महिन्यांना. निदान ६ महिन्यांचा सगळा खर्च हाताशी ठेवून मगच खोल्यांची स्वप्नं पाहावीत. जागा विकत घेऊन यंत्र कर्जाने आणणारे बरेच असतात. यंत्राचं कर्ज बहुधा महाग आणि कमी मुदतीचं असतं, त्यामुळे स्वस्त पैसा भिंतीत आणि महाग पैसा टेबलावर अशी उलटी मांडणी होते.

भाड्याने घ्यायचं ठरलं, की करार वाचायचा. वाचायचा म्हणजे दवाखान्याच्या डोळ्यांनी वाचायचा. दुकानासाठी लिहिलेला मसुदा दवाखान्याला पुरत नाही. सगळ्यात आधी पाहावं ते नूतनीकरण कोणाच्या मर्जीवर आहे. ‘उभयतांच्या संमतीने मुदत वाढवता येईल’ या वाक्याची किंमत शून्य आहे. संमती असेल तर करार नसतानाही वाढवता येतं. हवं ते असं: भाडेकरूने मुदत संपण्याआधी ६ महिने लेखी कळवलं तर आणखी तितक्याच वर्षांसाठी, आत्ताच ठरलेल्या सूत्राने, करार वाढेल. सूत्र आत्ताच हवं. ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ एवढंच असेल, तर बाजारभाव कोण ठरवणार आणि वाद झाला तर कोणाचा शब्द अखेरचा, हेही त्याच ओळीत यायला हवं.

वाढीच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. दरवर्षी ५% आणि दर ३ वर्षांनी १५% हे ऐकायला सारखं वाटतं. ४ पासून सुरुवात केली तर ९ वर्षांत पहिल्या रीतीने ४४.१ जातात, दुसऱ्या रीतीने ४१.७. फरक पहिल्या वर्षाच्या सात महिन्यांच्या भाड्याएवढा. दुसरी रीत मागून पाहायला काही हरकत नाही.

लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट, दोन्ही बाजूंनी बांधतं का, हे तपासावं. पुष्कळदा ते फक्त भाडेकरूला बांधतं आणि मालकाला तीन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळं सोडतं. डॉक्टरला उलटं हवं: मालक पूर्ण मुदत बांधलेला, आणि डॉक्टरला मधल्या एखाद्या वर्षी ठरावीक रक्कम देऊन बाहेर पडण्याची मुभा. त्याच कलमात डॉक्टरचा मृत्यू किंवा काम करता न येण्याजोगं अपंगत्व आलं तर करार कसा संपेल, हे लिहून घ्यावं. विषय काढायला जड जातो, म्हणून तो राहून जातो. मग घरच्यांना बंद दवाखान्याचं भाडं दोन-तीन वर्षं भरावं लागू शकतं, कारण एक माणूस गेला तर सगळं थांबतं असा हा व्यवसाय आणि करार मात्र चालूच.

हस्तांतराचं कलम निवृत्तीच्या वेळी आठवतं, तेव्हा उशीर झालेला असतो. प्रॅक्टिस विकायची तर घेणाऱ्याला जागाही हवी असते. मालकाच्या परवानगीशिवाय करार दुसऱ्याच्या नावे करता येत नसेल, तर त्या विक्रीत मालक हा बिनखुर्चीचा तिसरा भागीदार होतो. ‘योग्य कारणाशिवाय परवानगी नाकारता येणार नाही’ हे शब्द तिथे असावेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्वचारोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला खोली द्यायची असेल, तर तेही पोटभाडेकरू ठेवणं समजलं जाऊ शकतं. तेवढी सूट आधीच लिहून घ्यावी.

मग मालकाच्या येण्याजाण्याचा प्रश्न. साध्या करारात मालकाला ‘वाजवी वेळी’ जागा पाहायला येण्याचा हक्क असतो. दवाखान्यात पेशंटांच्या फायली असतात, तपासणीच्या खोलीत कपडे उतरवलेला माणूस असू शकतो. पूर्वसूचना, सोबत दवाखान्याचं माणूस, आणि नोंदी ठेवलेल्या खोलीत प्रवेश नाही, एवढं स्पष्ट असलं पाहिजे. भाडं थकलं म्हणून मालकाने कुलूप लावलं तर आतल्या फायलींचं आणि फ्रीजमधल्या लसींचं काय, हाही प्रश्न कागदावर सुटलेला बरा. लसी २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात. भांडण मिटेपर्यंत त्या थांबत नाहीत.

जागा बँकेकडे गहाण आहे का, हे भाडेकरूसुद्धा विचारू शकतो आणि त्याने विचारावंच. मालकाने कर्ज बुडवलं आणि बँकेचा हक्क भाडेकराराच्या आधीचा असला, तर बँक भाडेकरूला बाहेर काढू शकते. मोठी गुंतवणूक करण्याआधी ‘भाडं नियमित भरत असेल तोवर या भाडेकरूला हलवणार नाही’ असं बँकेचं पत्र मागावं. ते मागितल्यावर मालकाचा चेहरा कसा होतो, त्यावरूनही पुष्कळ कळतं.

आणि भाड्याचं घड्याळ केव्हा सुरू होतं? ताबा मिळाल्यावर लगेच कामाला लागलं तरी साध्या दवाखान्याचं काम ८ ते १२ आठवडे घेतं. रेडिएशनचा परवाना, अग्निसुरक्षेची तपासणी, विजेचा वाढीव भार हे त्यानंतर रांगेत उभे. पहिले २-३ महिने बिनभाड्याचे मागणं ही खैरात नाही, पद्धत आहे. परवाना मिळालाच नाही तर करार रद्द आणि अनामत रक्कम परत, हे कलम तर असायलाच हवं.

जागा कुठलीही असो, विकतची वा भाड्याची, तिची शारीरिक तपासणी डॉक्टरने पेशंटसारखी करावी. प्लंबर, वायरमन आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांना सही होण्याआधी एकदा आत फिरवावं. सही झाल्यावर ते फक्त वाईट बातम्या देतात.

पहिली पायऱ्यांची. दारापुढे १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ ४५ सेंटीमीटर. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा उतार १:१२ धरायचा, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर लांब. तेवढी जागा इमारतीच्या हद्दीत आहे का, की रॅम्प फुटपाथवर जाणार? तीन निरुपद्रवी पायऱ्यांनी अशी अख्खी जागा बाद होऊ शकते. आत दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर, वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ. मोजपट्टीवर विसंबण्यापेक्षा एक व्हीलचेअर उसनी आणावी, त्यात कुणाला तरी बसवावं आणि रस्त्यापासून स्वच्छतागृहापर्यंत ढकलत न्यावी. पाच मिनिटं लागतात आणि नकाशात न दिसलेला उंबरा सापडतो. वरच्या मजल्यावर असाल तर लिफ्टचा पाळणा मोजावा. १.१ बाय १.४ मीटरमध्ये व्हीलचेअर जाते. स्ट्रेचर न्यायचा तर पाळणा २.१ मीटर तरी खोल लागतो.

प्रतीक्षागृह नेहमी अंदाजाने आखतात आणि ते नेहमी लहान पडतं. हिशेब सोपा आहे. एका पेशंटला १० मिनिटं दिली तर तासाला ६. प्रत्येकजण सरासरी अर्धा तास थांबत असेल तर कुठल्याही क्षणी ३ पेशंट बसलेले असतात. सोबत एकेक माणूस धरलं तर ६ खुर्च्या. डॉक्टर मागे पडला आणि थांबणं तासावर गेलं की १२. खुर्चीमागे सव्वा ते दीड चौरस मीटर. दोन डॉक्टर बसणार असतील तर हे दुप्पट. आता भाडं कोणत्या क्षेत्रफळावर लावलंय ते पाहावं: भिंतीच्या आतल्या, की जिना, लॉबी आणि पाण्याच्या टाकीतला वाटा धरून? खुर्च्या जिन्यातल्या वाट्यावर ठेवता येत नाहीत.

हवेचं महत्त्व आता वेगळं सांगावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक वायुवीजन असलेल्या बाह्यरुग्ण विभागासाठी दर पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर हवा धरलेली आहे. १२ चौरस मीटरची, ३ मीटर उंच तपासणीची खोली घेतली तर ती ३६ घनमीटर. ६० लिटरच्या वेगाने तासाला २१६ घनमीटर हवा, म्हणजे खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलायची. भिंतीवर लावलेला साधा एसी ही हवा बदलत नाही, तीच हवा गार करून परत देतो. खिडकी उघडते का, ती कुठे उघडते, आणि उघडत नसेल तर बाहेर हवा टाकायला भिंतीत भोक पाडण्याची परवानगी आहे का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावं.

आवाजाची एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगतो. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच उभारतात. वरून दोन्ही खोल्यांचं आकाश एकच. आत डॉक्टर खालच्या आवाजात जे सांगतो, ते शेजारच्या खोलीत टाइल्समधून स्पष्ट उतरतं. पार्टिशन स्लॅबला भिडलं पाहिजे आणि एसीच्या डक्टसाठी पाडलेली भोकं बंद झाली पाहिजेत. खर्चात फारसा फरक पडत नाही. नंतर करायचं म्हटलं तर सगळं छत उतरवावं लागतं.

पाण्याचं गणित उताराचं असतं. सांडपाण्याच्या नळीला २% उतार दिला तर ६ मीटरवरच्या बेसिनसाठी १२ सेंटीमीटर खोली लागते. लादीखाली तेवढी जागा नसेल तर दोनच मार्ग: स्लॅबला भोक पाडून खालच्यांच्या छतातून नळी नेणं, किंवा आपली जमीनच १०-१५ सेंटीमीटर उचलणं. खालचे लोक नळी नेऊ देत नाहीत. जमीन उचलली की दारात पायरी आली, आणि व्हीलचेअरचा प्रश्न पुन्हा पहिल्या अंकावर. म्हणून दातांच्या दवाखान्याला तळमजला मिळाला तर तो महाग वाटला तरी घ्यावा.

वजनाचं तर सरळ आहे. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला १५०-२०० किलोच्या हिशेबाने बांधतात, कार्यालयाची साधारण २५०-४०० च्या. दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) एमआरआय यंत्र चार-सहा टन असतं. ते उभं कुठे राहील हा प्रश्न इंजिनिअर सोडवतो. ते आत कुठून येईल हा प्रश्न बहुतेकदा यंत्र ट्रकवर चढल्यावर सुचतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र भिंतीपाशी थांबत नाही, वरच्या आणि खालच्या मजल्यावरही जातं. उलट जवळून जाणारी लिफ्ट आणि पार्किंगमधल्या गाड्या चित्र बिघडवतात. एक्स-रेचं शिसंसुद्धा भिंतीपलीकडे कोण बसतं यावरून ठरतं. पलीकडे गोदाम असेल तर कमी, रोज आठ तास माणूस बसणार असेल तर जास्त. मालकाने दोन वर्षांनी त्या गोदामाचं ऑफिस केलं, तर तुमची भिंत एका रात्रीत अपुरी होते. शेजारच्या जागेच्या वापरात बदल करण्याआधी कळवण्याचं बंधन करारात घालता येतं. सुचतं मात्र क्वचितच कुणाला.

वीज, पाण्याचा दाब, जैववैद्यकीय कचऱ्याची वाट, जनरेटर कुठे ठेवणार, पाटी किती मोठी लावता येईल, रविवारी रात्री मुख्य फाटक उघडतं का, हे सगळं एका कागदावर लिहून त्या जागी तीनदा जावं: सकाळी, भर संध्याकाळी, आणि एकदा मुसळधार पावसात. पावसातली भेट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी.

विकत घेणाऱ्याला या यादीवर आणखी एक थर चढतो. मालकी हक्काची साखळी, जागेवरचा बोजा, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतला फरक, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या जागेत दवाखाना चालवायला परवानगी आहे का. दुकान म्हणून मंजूर असलेल्या जागेत दवाखाना चालेल हे गृहीत धरू नये. ‘आधी इथे डॉक्टरच बसायचे’ हा पुरावा होत नाही. ते विनापरवाना बसले असतील.

भागीदारीत गुंता वाढतो. चार डॉक्टरांची प्रॅक्टिस, त्यातल्या दोघांनी मिळून जागा घेतली. आता ते दोघे सकाळी भागीदार आणि संध्याकाळी मालक. भाडं वाढलं की त्यांचा फायदा, बाकी दोघांचा तोटा. पाच वर्षांनी मालकांपैकी एक सोडून गेला तर त्याचा जागेतला हिस्सा कोण घेणार, कोणत्या किंमतीला, किती हप्त्यांत? यावर तोडगा एकच: जागेची मालकी आणि प्रॅक्टिस हे दोन वेगळे कागद ठेवायचे, दोघांच्या मध्ये बाजारभावाचा खराखुरा भाडेकरार करायचा, आणि बाहेर पडणाऱ्याच्या हिश्शाचं मूल्यांकन कसं होईल हे सगळे हसत असताना लिहून ठेवायचं. एकट्या डॉक्टरलाही ही विभागणी उपयोगी पडते. प्रॅक्टिसकडून स्वतःच्या जागेचं भाडं वहीत लिहिलं नाही, तर नफा फुगलेला दिसतो आणि जागा तोट्यात चाललीय की प्रॅक्टिस, हे कधी कळत नाही.

मधली एक वाट आहे आणि ती फार कमी लोक चालतात. ५ वर्षांचा भाडेकरार, त्यात तिसऱ्या वर्षानंतर ठरलेल्या सूत्राने विकत घेण्याचा हक्क. निदान मालकाने विकायला काढली तर पहिल्यांदा आपल्याला विचारण्याचं बंधन. दोन्हींत फरक आहे. पहिल्यात डॉक्टर मागेल तेव्हा मालकाला विकावंच लागतं, दुसऱ्यात मालकाला वाटेल तेव्हाच गोष्ट निघते. पहिल्यासाठी थोडं जास्त भाडं द्यावं लागलं तरी द्यावं, कारण तीन वर्षांत कळलेलं असतं की पेशंट कुठून येतात, खोल्या पुरतात का, आणि मुळात या भागात राहायचंय का. हा हक्क नोंदवलेल्या दस्तात हवा. तोंडी वचन मालकाच्या मुलापर्यंत पोचत नाही.

स्वतःची जागा घेतलेला डॉक्टरही एक दिवस थांबतो. गिऱ्हाईक म्हणून तरुण डॉक्टर येतो, त्याच्याकडे प्रॅक्टिस घेण्यापुरते पैसे असतात, जागा घेण्यापुरते नसतात. मग म्हातारा डॉक्टर जागा ठेवतो, प्रॅक्टिस देतो आणि भाडं घेऊ लागतो. करार लिहिताना आता तो टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. किंवा येणारा भलत्याच शाखेचा निघतो, बालरोगतज्ज्ञ वगैरे, आणि त्याला एक्स-रेची खोली मोकळी करून हवी असते. तेव्हा ते ५७ किलोचं शिसं दारातून सोलून निघतं आणि भंगाराच्या काट्यावर किलोच्या भावाने जातं. चौकट, बिजागऱ्या आणि ते बसवण्याची मजुरी काट्यावर चढत नाही.